पितृत्वाची पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नेवासा येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या वास्तूचा, ठेवींचा आणि कार्यक्रमांचा आढावा घेतला जातो. तो घ्यावाच. परंतु संस्था उभी राहते वास्तूवर आणि टिकते ती घरांवर. ज्या घरांतून पुढील पन्नास वर्षांचे कार्यकर्ते यायचे आहेत, त्या घरांत आज काय चालले आहे, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विचारणे अगत्याचे आहे. म्हणून आज मी घराविषयी बोलणार आहे. आणि घरातील ज्या व्यक्तीविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, त्या व्यक्तीविषयी, म्हणजे वडिलांविषयी बोलणार आहे.

मातृत्वाचा गौरव मराठी मनाने उदंड केला. वडिलांचा उल्लेख मात्र आपण 'घराचे छत्र' असा करून पुढे जातो. छत्र डोक्यावर असते खरे, पण त्याच्याशी बोलता येत नाही. मुलाला वडिलांकडून सावली तर हवीच असते, पण त्याहून अधिक हवा असतो तो संवाद. हा संवाद करण्याची कला कोणाही पुरुषाला मूल जन्माला येताच आपोआप प्राप्त होत नाही. पितृत्व जन्माने मिळते, पितृत्वाचे कौशल्य शिकावे लागते. आणि ज्या पित्याला ते शिकण्याची सर्वांत अधिक गरज असते, तोच शिकायला सर्वांत कमी येतो. त्याच्यासाठी शिकण्याची जागा निर्माण करणे हे समाजाचे कर्तव्य आहे, एवढाच माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

कोणता पिता?

'धोक्याच्या वळणावर उभा असलेला पिता' असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. दारूच्या गुत्त्यावरून झोकांड्या खात घरी येणारा, बायकोवर हात उगारणारा आणि मुले कोपऱ्यात दडून बसलेली. असे घर आपल्या तालुक्यात नाही, असे कोणी म्हणणार नाही. भेंडा आणि सोनई येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेपासून फडात राबायचे. मुले एक तर गावाकडे आजी-आजोबांपाशी ठेवायची, नाही तर पालावर आणायची. अशा पित्याला मुलाचे बालपण दिसणार केव्हा?

परंतु बंधूंनो, हे चित्र पुरेसे नाही. थोडे आपल्या पेढीकडे, दुकानाकडेही पाहू या. सकाळी उघडलेले दुकान रात्री बंद होते. उधारी थकलेली, बँकेचा हप्ता डोक्यावर, मोठ्या शहरांतील मॉल आणि मोबाईलवरील खरेदी यांनी गिऱ्हाईक पळवलेले. असा पिता घरी येतो आणि मुलाची गुणपत्रिका हाती घेतो. तो हात उगारत नाही. त्याचा त्याला अभिमानही असतो. पण 'तुझ्या हातून काहीच होणार नाही', 'अमक्याचा मुलगा बघ' ही वाक्ये रोज त्या मुलाच्या कानांवर पडतात. जिभेचा मार अंगावर वळ उठवत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. सप्तव्यसनांच्या त्यागाचे नियम आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरीही मद्य आणि मोबाईलवरील सट्टा ही दोन व्यसने आपल्या उंबरठ्याशी येऊन उभी आहेत, हे या सभागृहातील अनेक मातांना ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत, एवढेच.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल-अत्याचारांविषयी एक राष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलण्यात आले. दर तीन मुलांमागे दोन मुलांनी शारीरिक मारहाण अनुभवली होती. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे हात आई-वडिलांचेच होते. हे आकडे एका जातीचे, एका धर्माचे वा एका वस्तीचे नाहीत. ते आपल्या सर्वांच्या घरांचे आहेत.

धाकाचे फसवे गणित

'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?' हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे घराघरांतील व्यवहारांचे निरीक्षण करून दिले. ते समजून घेण्यासारखे आहे. मूल हट्ट करते. वडील ओरडतात. मूल गप्प बसते. वडिलांना वाटते, ओरडणे लागू पडले. दुसऱ्या दिवशी मूल थोडे अधिक हट्ट करते, वडील थोडे अधिक ओरडतात. कधी वडील थकतात आणि मुलाचा हट्ट पुरवून टाकतात. तेव्हा मुलाला कळते, की जोर वाढवला की काम होते. अशा रीतीने दोघेही एकमेकांना जोर वाढवण्याचेच शिक्षण देत राहतात. काही महिन्यांत ओरडण्याची जागा चापट घेते आणि चापटीची जागा पट्टा घेतो. यात वडील दुष्ट असतात असे नाही. त्यांच्या हाती एकच हत्यार असते आणि ते रोज बोथट होत जाते.

म्हणूनच अशा पित्याला केवळ 'मारू नका' असे सांगून भागत नाही. मारण्याऐवजी काय करावे, हे त्याला हाताला धरून शिकवावे लागते. एक हत्यार काढून घेताना दुसरे साधन त्याच्या हाती द्यावे लागते.

महाराष्ट्राची शिदोरी

पालकांना शिकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हापासून बालशिक्षण आणि पालकशिक्षण हातात हात घालून चालत आले आहेत. पुण्याहून १९८७ पासून 'पालकनीती' हे मासिक या एकाच विषयाला वाहिलेले आहे. अलीकडे एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील 'आरंभ' या उपक्रमात अंगणवाडी ताईंनी घरोघरी जाऊन आणि पालक मेळावे भरवून लहान मुलांशी खेळावे कसे, बोलावे कसे, हे गावोगावच्या आई-वडिलांना दाखवले. हे सारे कार्य मोलाचे आहे. परंतु मासिक वाचणारा पिता आधीच जागा झालेला असतो आणि पालक मेळाव्याला बहुधा माताच येतात. वळणावर उभा असलेला पिता या दोन्ही ठिकाणी नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट वेगळी आहे.

ती वाट महाराष्ट्रात दोन ठिकाणी स्पष्ट दिसली. पहिले ठिकाण पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. त्यामागे पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साहाय्य होते. मुक्तांगणाने चार गोष्टी शिकवल्या. व्यसनी माणसाला नालायक न म्हणता आजारी म्हणावे. त्याला एकट्याला उपदेश न करता त्याच्यासारख्याच इतरांच्या गटात बसवावे. पत्नीला उपचारात सामील करून घ्यावे आणि तिच्यासाठी 'सहचरी'सारखा स्वतंत्र आधारगट असावा. आणि चौथी गोष्ट, जो बरा झाला त्यानेच नव्याने आलेल्याला हात द्यावा. ही केवळ व्यसनमुक्तीची रीत नाही. लाज आणि अपमान यांनी बंद झालेला पुरुष उघडण्याची ती रीत आहे.

दुसरे ठिकाण मुंबईचे. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वृत्तपत्रात एक आगळे आवाहन केले. पत्नीला मारणे गैर आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशा आशयाचे ते होते. दोनशेहून अधिक पुरुषांनी त्याला उत्तर दिले. त्यातूनच १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली आणि हरीश सदानी यांनी ती पुढे नेली. घरातील हिंसा हा केवळ स्त्रियांच्या संघटनांचा विषय नाही, पुरुषांनीच पुरुषांशी बोलण्याचा विषय आहे, ही तिची भूमिका. २०१० नंतरच्या काही वर्षांत 'समझदार जोडीदार' या प्रकल्पातूनही महाराष्ट्रातील खेड्यांत पुरुषांचे गट बसले आणि पती व पिता या दोन्ही नात्यांविषयी बोलू लागले. खेड्यातील पुरुष अशा विषयावर बोलणार नाहीत, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारू सुटली म्हणजे पिता परत आला, असे होत नाही. नवरा शुद्धीवर येतो, कामाला लागतो. पण मूल अजून त्याच्या पावलांचा अंदाज घेत दाराआड उभेच असते. मुलाचा विश्वास महिन्या-दोन महिन्यांत परत मिळत नाही. वडिलांना वाटते, 'मी एवढा बदललो, तरी हे पोर जवळ येत नाही', आणि ते पुन्हा चिडतात. हा काळ नाजूक असतो. व्यसनमुक्तीच्या पुढचा हा टप्पा म्हणजेच पितृत्वाची पाठशाळा होय.

जगातील प्रयोग

अशी पाठशाळा जगात अनेक ठिकाणी भरते. कॅनडात २००१ च्या सुमारास कॅटरीना स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्या हातून मुलांवर वा मुलांच्या आईवर अन्याय झाला आहे अशा वडिलांसाठी 'केअरिंग डॅड्स' हा सतरा आठवड्यांचा गट-अभ्यासक्रम तयार केला. त्याची सुरुवात दोषारोपाने होत नाही. 'तुमचे वडील तुमच्याशी कसे वागत? तुम्हाला कसा पिता व्हायचे आहे?' अशा प्रश्नांनी ती होते. मग हळूहळू मुलाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहायला शिकवले जाते. आईला दिलेली शिवी मुलालाही लागते, हे पित्याला उमगते ते या टप्प्यावर.

आफ्रिकेतील रवांडा या देशाने १९९४ मध्ये भीषण नरसंहार सोसला. तेथे 'बांदेबेरेहो' नावाच्या उपक्रमात तरुण वडिलांच्या पंधरा बैठका घेण्यात आल्या आणि त्यांतील आठ बैठकांना पत्नीही सोबत होत्या. सुमारे बाराशे जोडप्यांची शास्त्रशुद्ध तुलना करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी बैठकांत भाग घेतला त्यांच्या घरांत पत्नीला होणारी मारहाण घटली होती, मुलांना होणारी शिक्षा कमी झाली होती आणि वडिलांचा घरकामातील वाटा वाढला होता. उत्तर युगांडात तरुण वडिलांना गावातीलच जाणत्या पुरुषांची मार्गदर्शक म्हणून जोड दिली गेली. पदवीधर समुपदेशक प्रत्येक खेड्यात मिळत नाही. शहाणा शेजारी मिळू शकतो, हे त्यांनी जाणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ६५ देशांतील ४३५ चाचण्यांचा पुरावा तपासून सांगितले, की पालकांना कौशल्ये शिकवणारे असे कार्यक्रम मुलांवरील अन्याय कमी करतात आणि ते सर्वांना उपलब्ध करून द्यावेत.

पाठशाळेत काय शिकवतात?

या कार्यक्रमांतील धडे ऐकायला अगदी साधे वाटतात. त्यांतील पाच आपल्यापुढे मांडतो.

पहिला धडा वेळेचा. रोज दहा-पंधरा मिनिटे मुलासोबत बसावे. खेळ कोणता हे मुलाने ठरवावे, वडिलांनी नव्हे. त्या वेळेत शिकवणे नाही, सुधारणे नाही, मोबाईल नाही. मुलाचा विश्वास परत मिळवण्याचे याहून खात्रीचे साधन नाही.

दुसरा धडा कौतुकाचा. 'शाबास' हा शब्द मोघम आहे. 'पाहुणे आले तेव्हा न सांगता तू पाणी आणून दिलेस, मला बरे वाटले' असे नेमके बोलावे. ज्या वागण्याकडे आपण लक्ष देतो ते वाढते. आपण चुकांकडेच लक्ष दिले, तर चुकाच वाढतात.

तिसरा धडा सूचनेचा. 'नीट वाग' याचा अर्थ मुलाला कळत नाही. 'चपला जागेवर ठेव' हे कळते. सूचना एक असावी, लहान असावी, शांत आवाजात असावी. आणि ती न पाळल्यास काय होईल हे आधी सांगितलेले असावे. परिणाम छोटा असला तरी चालेल, पण तो टळता कामा नये.

चौथा धडा रागाचा. राग येणे थांबवता येत नाही, पण तो येताना ओळखता येतो. जबडा आवळतो, कान तापतात, आवाज चढू लागतो. त्या क्षणी 'मी बाहेर जाऊन येतो, मग बोलू' असे सांगून उठावे आणि खरोखरच परत येऊन बोलावे. न सांगता निघून जाणे आणि सांगून थांबणे यांत मोठा फरक आहे.

पाचवा धडा क्षमेचा. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या यादीत आपल्या स्वतःच्या मुलांची नावे असतात का? 'मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो, ते माझे चुकले' असे वडिलांनी म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. क्षमा मागणारा पिता पाहिलेले मूल पुढे स्वतःची चूक कबूल करायला घाबरत नाही.

करुणा आणि सावधपणा

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी भावार्थदीपिका सांगितली. तिच्या शेवटच्या प्रार्थनेत दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा, एवढेच मागितले आहे. ज्यांना समाजाने 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत टाकले, त्या भावंडांपैकी एकाने हे मागणे मागितले, हे विसरता येत नाही. धोक्याच्या वळणावरील पित्याविषयी आपली दृष्टी अशीच असावी. पाप त्याज्य असते, माणूस नव्हे, ही शिकवण आपल्या संस्कारांतही मुरलेली आहे.

परंतु करुणेला सावधपणाची जोड हवी. आपल्या समाजात तंटा झाला की ज्येष्ठ मंडळी मध्यस्थी करतात, सुनेची समजूत घालतात, 'पोरांकडे बघ' म्हणतात आणि तिला परत नांदायला पाठवतात. नवऱ्याकडून काय बदलणार आहे, हे कोणी विचारत नाही. हा समेट नव्हे. ज्या घरात आई-मुलांच्या जिवाला धोका आहे, तेथे प्रथम त्यांची सुरक्षितता आणि मग बापाचे शिक्षण, हा क्रम कधीही उलटा करता कामा नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे; संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पाठशाळा ही या व्यवस्थेला पूरक आहे, पळवाट नव्हे. म्हणूनच चांगल्या कार्यक्रमांत पत्नीशी स्वतंत्रपणे संपर्क ठेवला जातो. नवरा बैठकीत गोड बोलतो, की घरात खरोखर बदलतो आहे, याचे उत्तर तीच देऊ शकते.

आपण काय करू शकतो?

शेवटी एक नम्र सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवतो. या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ, दुकाने बंद झाल्यानंतरची, वडिलांसाठी राखून ठेवावी. आठ-दहा पुरुष पुरेत. बारा आठवड्यांचा क्रम असावा. दोन समंजस पुरुष कार्यकर्त्यांना व्यसनमुक्ती वा समुपदेशनाचे काम करणाऱ्या संस्थेकडून रीतसर प्रशिक्षण घेऊ द्यावे. महिला मंडळातील एक-दोन भगिनींनी पत्नींशी बोलण्याची जबाबदारी घ्यावी. बैठकीत बोललेला शब्द बैठकीबाहेर जाणार नाही, अशी शपथ पहिल्याच दिवशी व्हावी. नेवाशासारख्या गावात चार लोक काय म्हणतील ही भीती फार मोठी असते. तो एक शब्द फुटला, तर पाठशाळा त्याच दिवशी बंद पडेल.

आणि ही पाठशाळा केवळ आपल्या समाजापुरती नसावी. आपल्या दुकानात काम करणारा गडी, टेम्पोचा चालक, हमाल हेही वडील आहेत. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या तळावर आपले कार्यकर्ते ब्लँकेट आणि फराळ घेऊन जातातच. त्या वेळी तेथील वडिलांसोबत अर्धा तास बसून मुलांविषयी दोन गोष्टी बोलल्या, तर ते दान ब्लँकेटपेक्षा अधिक काळ ऊब देईल.

या कामावर संगमरवरी पाटी लावता येणार नाही, हे मी कबूल करतो. त्यात देणगीदाराचे नाव कोरता येत नाही आणि उद्घाटनाची फीतही कापता येत नाही. बारा आठवडे बसलेल्या दहा जणांपैकी सगळेच बदलतील, असेही आश्वासन कोणी देऊ नये. काही मध्येच येणे सोडतील. पण चार-पाच घरांत जरी मुलांच्या वाट्याला वेगळे वडील आले, तरी त्या मुलांची मुलेही वेगळ्या घरात वाढतील. पन्नास वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या संस्थेला पिढ्यांचे हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

आज घरी गेल्यावर प्रत्येक पित्याने एक छोटी परीक्षा स्वतःची घ्यावी. आपली मोटारसायकल दारात थांबते, तेव्हा घरातील मुलांचे हसणे थांबते, की ती धावत बाहेर येतात? उत्तर कोणालाही सांगू नये, परंतु स्वतःपाशी खरे द्यावे. ते मनासारखे नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. शिकायला वयाची अट नसते आणि मुले वाट पाहण्यात मोठ्यांपेक्षा पुष्कळ उदार असतात.